पंगतीतील कुलकथा आणि इतिहासाचा पुरावा : कोकणातील बेने इस्राएलांची परंपरा

घरातील वडीलधाऱ्यांनी जेवणाच्या वेळी मुलांस पूर्वजांच्या गोष्टी सांगाव्यात, ही चाल बहुतेक सर्व समाजांत आढळते. ती इतकी परिचित आहे की इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे साधन या दृष्टीने क्वचितच पाहिले आहे. वतनदार घराण्यांच्या कैफियती व करीने यांचा उगम पुष्कळदा अशाच घरगुती कथनात असतो. परंतु हे कागद वतनाच्या तंट्यात दाखल करण्यासाठी सिद्ध झालेले असतात. त्यामुळे मुलांसमोर, ताटांवर बसून, त्या कथेचे जे रूप होते ते त्यांतून हाती लागत नाही. कथा पंचासमोर येते तेव्हा ती फिर्याद झालेली असते. घरातील कथन आणि पंचासमोरील पुरावा या दोन अवस्थांमधील अंतर मोजावयाचे असेल, तर असा एखादा समाज पाहिला पाहिजे की ज्यात भोजनप्रसंगीचे कथन हा स्वतंत्र विधी आहे, त्या विधीचा इतिहास ज्ञात आहे, आणि ज्यास आपली कुलकथा पुढे परक्यांसमोर पुरावा म्हणून मांडावी लागली आहे. कोकणातील मराठी भाषिक यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, हा असा समाज होय.

प्रथम त्या विधीविषयी. यहुदी धर्मात पेसाखच्या, म्हणजे मराठी बायबलात ज्यास वल्हांडण म्हटले आहे त्या सणाच्या, पहिल्या रात्री मिसर देशातील दास्यातून सुटका झाल्याची कथा बापाने मुलास सांगावी, असा आदेश निर्गम या ग्रंथात आहे. या रात्रीच्या भोजनाच्या क्रमास सेदर म्हणतात व त्या वेळी वाचावयाच्या पाठास हग्गादा. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेच्या पेसाखविषयक प्रकरणाच्या दहाव्या अध्यायात या क्रमाची रूपरेषा दिलेली आहे. मुलाने ही रात्र इतर रात्रींहून निराळी का, असे विचारावयाचे. मुलास विचारण्याइतकी समज नसेल तर बापाने त्यास विचारावयास शिकवावयाचे. आणि उत्तर मुलाच्या कुवतीप्रमाणे द्यावयाचे. कथनाची सुरुवात पूर्वजांच्या हीन स्थितीपासून करून शेवट गौरवाने करावा, असाही दंडक तेथेच आहे. ताटातील पदार्थ हे या कथेचे जणू टाचण होय : कडू भाजी दास्याची, बेखमीर भाकरी घाईने निघाल्याची. पदार्थ समोर दाखवून त्याचा अर्थ सांगितल्यावाचून विधी पुरा होत नाही.

सीगफ्रीड स्टाइन यांनी १९५७ मध्ये एका लेखात दाखवून दिले की या भोजनाच्या मांडणीवर ग्रीक-रोमन मेजवान्यांतील प्रश्नोत्तरांच्या वाङ्मयाची छाया आहे. टेकून बसणे, मद्याचे ठराविक प्याले, पदार्थांवरून निघणारे प्रश्न, ही सर्व सामग्री त्या काळच्या शिष्टांच्या पंगतीतील आहे. परंतु त्या पंगतीत प्रश्न विचारणारा पाहुणा प्रौढ व विद्वान असे. यहुदी आचार्यांनी त्याच्या जागी घरातले पोर आणून बसविले, हा फरक लहान नाही. विद्वानाच्या प्रश्नास उत्तर देताना पांडित्य दाखविता येते. पोराच्या प्रश्नास उत्तर देताना ते झोपणार नाही याची चिंता वाहावी लागते. आणि ती चिंता खरोखरच ग्रंथांत नमूद आहे. मुलांनी जागे राहावे म्हणून त्या रात्री त्यांना भाजलेले धान्य व अक्रोडासारखी फळे वाटावीत असे तालमूदात सांगितले असून, रब्बी अकिबा तसे करीत असत अशी आठवणही दिली आहे. दुसऱ्या शतकातील एक मोठा धर्मपंडित सणाच्या रात्री पोरांना खाऊ वाटतो आहे, हे चित्र या विधीचे स्वरूप समजण्यास पुष्कळ टीकाग्रंथांहून अधिक उपयोगी आहे.

आता कोकणाकडे वळावयाचे. अलिबाग, पेण, पनवेल, रोहे, रेवदंडा, मुरूड या टापूतील खेड्यांत विखुरलेला हा समाज तेल गाळण्याचा धंदा करीत असे व शनिवारी घाणा बंद ठेवीत असे. म्हणून आसपासचे लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडलेली : किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. युरोपीय लेखनात त्यांचा उल्लेख १७३८ पासून मिळतो. १७६८ मध्ये कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी हॉलंडमधील तोबियास बोआस यांस लिहिलेल्या पत्रात, मराठ्यांच्या मुलुखात असे तेली यहुदी आहेत, ते शब्बाथ पाळतात, पण ‘शमा’ या एका प्रार्थनेपलीकडे त्यांना धर्माचे काही ठाऊक नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाजवळ सुंता होती, शब्बाथ होता, भक्ष्याभक्ष्याचे नियम होते. परंतु हिब्रू ग्रंथ नव्हते, आणि म्हणून हग्गादाही नव्हती.

मग पेसाखच्या रात्री काय होत असे? या प्रश्नाचे उत्तर त्या सणाच्या जुन्या मराठी नावात आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या व पुढे १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी इतिहासात समाजातील सणांची जुनी नावे नोंदविली आहेत. त्यांत पेसाखचे नाव ‘अनशी धाकाचा सण’ असे आहे. घरात चटणीप्रमाणे वापरावयाच्या आंबट पातळ पदार्थाचे जे भांडे असे, ते त्या दिवसांत झाकून बंद ठेवीत, यावरून हे नाव पडले असे केहीमकर सांगतात. इतर नावेही याच जातीची आहेत. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्याच महिन्यातला खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून आत बसावयाचे म्हणून दारफळणीचा सण. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी मांस वर्ज्य करून वालाचे बिरडे खावयाचे म्हणून बिरड्याचा सण. आणि पुरीम हा शिमग्याच्या सुमारास येतो म्हणून होळीचा सण. काही उपवासांना ‘रोजा’ व ‘रमजान’ ही नावे आहेत, ती शेजारच्या मुसलमानांच्या बोलीतील.

या यादीतून सामान्यतः असा निष्कर्ष काढला जातो की समाज धर्म विसरला व केवळ आचार उरला. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. एस्तेर राणीची कथा, मंदिराचा विध्वंस, मिसरातून निर्गमन यांपैकी एकाचीही खूण या नावांत नाही, हे खरे. परंतु नावे कोणी दिली असतील, हे पाहिले पाहिजे. खीर, बिरडे, आंबटाचे भांडे, लावलेले दार : ही घर चालविणाऱ्या बायकांची परिभाषा आहे. पुरुषांच्या पठणाचा धागा तुटला तेव्हा पंचांग चुलीच्या आधाराने टिकले. आंबलेले काही त्या आठ दिवसांत खावयाचे नाही, हा पेसाखचा मूळ निर्बंध. त्याचे कारण विसरले गेले, पण भांडे झाकले जातच राहिले. प्रश्न विचारणारे मूल त्या घरातही असणारच. भांडे का झाकले, असे त्याने विचारले असता त्यास मिसर देशाची कथा मिळत नव्हती. आजी झाकीत असे म्हणून, एवढेच उत्तर मिळत असावे. हेही एक प्रकारचे कुलवृत्तच होय, मात्र ते आजीपाशी थांबते.

याचा अर्थ या घरांत कथा नव्हत्या असा नाही. मिसरची कथा नव्हती, पण एक स्वतःची कथा होती. फार पूर्वी दूरदेशाहून निघालेले एक गलबत चौल बंदराच्या वाटेवर नौगावजवळ खडकावर आदळून फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ आणि सामानसुमान समुद्रात गेले. वाहून आलेली प्रेते वाचलेल्यांनी किनाऱ्यावर पुरली. पुरुषांचा एक व स्त्रियांचा एक असे दोन उंचवटे नौगाव येथे दाखविले जातात. या चौदा जणांपासून सर्व समाज वाढला. पुढे पुष्कळ काळाने दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला. हे लोक आपल्यापैकीच असावेत असा त्यास संशय आला, म्हणून त्याने त्यांच्या बायकांपुढे निरनिराळे मासे रांधण्यासाठी ठेवले. ज्यांना पर व खवले नाहीत असे मासे बायकांनी वेगळे काढले व हे आम्ही खात नाही असे सांगितले. त्यावरून त्याची खात्री पटली. त्याने धर्म पुन्हा शिकविला व झिरादकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांस काजी नेमले.

या कथेची चिकित्सा करताना यान व्हान्सिना यांची मौखिक परंपरेविषयीची एक उपपत्ती उपयोगी पडते. त्यांचा मूळ फ्रेंच ग्रंथ १९६१ चा असून १९८५ मधील ग्रंथात त्यांनी असे मांडले की मौखिक परंपरेत उत्पत्तीविषयी भरपूर सांगितले जाते, अलीकडच्या दोनतीन पिढ्यांविषयी भरपूर सांगितले जाते, पण मधला काळ रिकामा असतो. आणि पिढ्या सरकतात तशी ही पोकळीही पुढे सरकत राहते. बेने इस्राएलांच्या परंपरेत अशी पोकळी एक नसून दोन आहेत. गलबत फुटले ते दावीद रहाबी येईपर्यंत काही घडत नाही. आणि रहाबीपासून अठराव्या शतकापर्यंत पुन्हा काही घडत नाही. केहीमकरांनी गलबताचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास धरला, कारण मक्काबींच्या विजयाचा हनुक्का हा सण समाजात नव्हता. दुसरे लेखक इस्राएलाच्या दहा हरवलेल्या वंशांकडे जातात, तर आणखी काही इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांकडे. रहाबीस केहीमकर सुमारे नऊशे वर्षे मागे नेतात. उलट तो अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातलाच कोणी असावा असेही मत आहे. कालनिर्णयाची ही सारी खटपट शिकलेल्यांची आहे. मूळ कथेस सनावळी नाही, तिला तिची गरजही वाटलेली नाही. मुलाला ‘फार पूर्वी’ पुरते.

कथेत जे तपशील आहेत ते मात्र नेमके आहेत, आणि ते कोणत्या प्रश्नांची उत्तरे देतात हे पाहणे अधिक फलदायी ठरते. ग्रंथ बुडाले, हा तपशील आपल्याला हिब्रू का येत नाही याचे उत्तर देतो. मासे निवडले, हा तपशील ग्रंथ नसतानाही आपण कोण हे कसे ओळखले गेले याचे उत्तर देतो. सात जोडपी वाचली, हा तपशील तिसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. त्याचा विचार पुढे येईल. शिवाय कोकणच्या किनाऱ्यावर ही कथा एकटी नाही. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली व त्यांपासून चित्पावन झाले, ही आख्यायिका त्याच प्रदेशातील आहे. शाल्वा वाइल यांनी या साम्याकडे लक्ष वेधले आहे. बेने इस्राएलांच्या काही कथनांत तर गलबतातून किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्यांस एलियाहू हन्नबी, म्हणजे एलीया प्रेषित, याने शुद्धीवर आणले असे येते, तेव्हा हे साम्य अधिकच जवळचे होते. कोणी कोणाची कथा उचलली हे ठरविण्याचा हट्ट धरू नये. ज्या किनाऱ्यावर गलबते फुटत व प्रेते लागत, तेथे शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन समाजांनी आपले मूळ एकाच साच्यात सांगावे यात नवल नाही. आपण येथले नव्हे, परंतु पुष्कळ काळापासून येथे आहोत, हे सांगण्याचा तो कोकणी साचा दिसतो.

एकोणिसाव्या शतकात या घरांत दुसरी कथा आली, ती छापखान्याच्या मार्गाने. कंपनीच्या पलटणीत नोकरी धरून पुष्कळ कुटुंबे मुंबईस गेली होती. त्यांपैकी सॅम्युएल यहेज्केल दिवेकर या अंमलदाराने १७९६ मध्ये तेथे पहिले सभास्थान बांधले. टिपूच्या कैदेत असताना, आपण बेने इस्राएल आहोत असे सांगताच सुलतानाच्या आईच्या रदबदलीने त्याचा जीव वाचला व त्या नवसापोटी हे बांधकाम झाले, अशी गोष्ट सांगितली जाते. सभास्थान व त्याचा काळ निश्चित आहे; सुलतानाच्या आईविषयी तसे म्हणता येत नाही. मशीद बंदर हे नाव या सभास्थानावरून पडले असे मानतात, कारण लोक त्यास मशीदच म्हणत. पुढे १८२६ मध्ये व १८३३ मध्ये कोचीनहून शिक्षक आले. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने जात. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. मिशनऱ्यांनी बायबलाचा जुना करार मराठीत आणला तो धर्मांतराच्या हेतूने. धर्मांतर फारसे झाले नाही. परंतु अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा आपल्याच आहेत हे या लोकांस मराठीत वाचावयास मिळाले. हेतू आणि परिणाम यांत इतकी फारकत मिशनांच्या इतिहासातही विरळाच.

१८४६ मध्ये मुंबईस हिब्रू पाठ व मराठी अनुवाद असलेली हग्गादा शिळाछापावर निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्यास दुसरी. पुण्याच्या प्रतीतील चित्रे या संदर्भात विशेष पाहण्यासारखी आहेत : बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया त्यांत लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. युरोपातील छापील हग्गादांत त्या त्या देशीचा पोशाख येतो, तसाच हा प्रकार. तथापि कोकणच्या संदर्भात त्याचा अर्थ थोडा अधिक होतो. ज्या बायका कारण न सांगता भांडे झाकीत आल्या होत्या, त्या आता छापील पानावर, मिसरच्या कथेच्या आरंभी, चित्ररूपाने बसल्या. आणि ज्या मुलास आजवर ‘आजी झाकीत असे’ एवढेच कळत होते, त्यास मराठी वाक्यांत फारो, लाल समुद्र आणि दहा पीडा कळू लागल्या. अनशी धाकाचा सण मागे पडला व पेसाख हे नाव रूढ झाले. एका विस्मृतीच्या जागी एक स्मृती आली, परंतु ती आठवलेली नव्हती, शिकलेली होती. योसेफ हाईम येरुशाल्मी यांनी छापील हग्गादांचा जो सचित्र आढावा १९७५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या पुस्तकांना स्थान मिळाले आहे. त्यांच्याच १९८२ मधील ग्रंथाचे म्हणणे असे की यहुदी समाजाने भूतकाळ जपला तो इतिहासलेखनाने नव्हे, विधी व पठण यांनी. कोकणातील अनुभव या मतास पुष्टी देतो, पण एक पुरवणीही जोडतो : पठण गेले तरी विधी पुष्कळ काळ तग धरतो, मात्र तो मुका होतो.

१८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदू कीर्तने ऐकून त्याच धर्तीवर बायबलातील आख्याने मराठी पद्यांत रचून कीर्तने सुरू केली. टाळ, पूर्वरंग, आख्यान हे सारे शेजाऱ्यांचे. नायक मोशे किंवा योसेफ. सेदर वर्षातून ठराविक वेळीच. कीर्तन केव्हाही होऊ शके, आणि त्यास बायकामुले येत. मिसरची कथा घरात रुळली ती बहुधा छापील पानाइतकीच या कीर्तनांमुळे.

यानंतर एक मोठी चमत्कारिक स्थिती निर्माण झाली, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सेदरच्या ताटावर मिसरची कथा बसली. तेथे नौगावच्या गलबतास जागा नव्हती, कारण हग्गादेचा पाठ सर्व जगातील यहुद्यांचा आणि ठरलेला. मग स्वतःची कथा कोणत्या ताटावर सांगावयाची? ती मलिद्याच्या ताटाजवळ गेली, असे दिसते. मलिदा म्हणजे गोड पोहे, त्यांत ओले खोबरे, व वर फळे. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरात जाताना हे ताट मांडून एलियाहू हन्नबीचे नाव गातात व सर्वजण प्रसाद वाटून खातात. अलिबागजवळ खंडाळा येथे एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण दाखवितात व तेथे त्याचा ‘उरूस’ भरे. पोहे कोकणचे, गाणे हिब्रूतील, मेळ्याचे नाव फारशी-अरबी वळणाचे. येथे एलियाहू हा गलबतातील लोकांस वाचविणारा म्हणून आठवला जातो. हग्गादेचा पाठ छापील असल्याने पालटत नाही. मलिद्याजवळच्या कथेस पाठ नाही. म्हणून ती ऐकणाराप्रमाणे पालटते, आणि पालटते म्हणूनच तिच्यात त्या त्या काळची चिंता उतरते. श्रावणातील कहाण्यांशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. कहाणीही उपास सोडण्यापूर्वी, तांदूळ हातात धरून ऐकावयाची असते. पण तिचे शब्द जवळजवळ बांधलेले असतात. कुलकथेचे शब्द मोकळे असतात.

कथा कोणास सांगितली जाई यापेक्षा ती ऐकण्यास कोणास बसू दिले जात नसे, हेही नोंदविले पाहिजे. समाजात गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद होता. दोघेही धर्म एकच पाळीत, सभास्थान एकच असे; परंतु काळे हे परजातीय स्त्रियांपासून झालेली संतती, अशी गोऱ्यांची समजूत असल्याने उभयतांत बेटीव्यवहार नव्हता आणि विसाव्या शतकात बऱ्याच काळापर्यंत रोटीव्यवहारही नव्हता. सात जोडप्यांची कथा दोघांचीही. पंगत मात्र निराळी. गलबतातून सात पुरुषांबरोबर सात स्त्रियाही वाचल्या, हा तपशील कथेत इतका आग्रहाने का येतो, याचा उलगडा येथे होऊ लागतो. नुसते सात पुरुष वाचले असते तर त्यांच्या बायका कोठल्या, असा प्रश्न उरला असता. कथेने तो उठण्यापूर्वीच मिटविला आहे.

तो प्रश्न पुढे दुसऱ्याच ठिकाणी उठला. १९४८ मध्ये इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यानंतर सुमारे वीस हजार लोकसंख्येच्या या समाजातील बहुसंख्य कुटुंबे क्रमाने तिकडे गेली. १९६१ च्या ऑक्टोबरात तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांशी विवाह करण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. परंतु १९६२ च्या फेब्रुवारीत निघालेल्या निर्देशांनी विवाह लावणाऱ्या रब्बींस सांगितले की वधूवरांपैकी कोणी बेने इस्राएल असल्यास त्याच्या आईची, आजीची व शक्य तितक्या मागच्या आयांची चौकशी करावी. यहुदी धर्मशास्त्रात वंश आईकडून गणला जातो, म्हणून ही अट. जी कथा पोह्यांच्या ताटाजवळ मुलांस सांगितली जात होती, तिला आता दफ्तरात नोंदविण्याजोगी नावे पुरवावयाची होती.

ती नावे तिच्यात नव्हती. आडनाव गावावरून आणि बापाकडून येते. काजीची घराणी पुरुषांची. दिवेकरांची गोष्ट एका अंमलदाराची. कथेतील स्त्रिया निर्णायक क्षणी हजर आहेत, मासे त्याच निवडतात. परंतु त्यांपैकी एकीचेही नाव कोणी सांगत नाही. चौदा जणांतील सात, आणि नौगावच्या दोन उंचवट्यांपैकी एक, एवढीच त्यांची नोंद. घरातील मुलाने हे नाव कधी विचारले नसावे, कारण त्यास आजी समोर दिसत होती. धर्मपीठाने विचारले तेव्हा उत्तर नव्हते.

समाजाने याचा तीव्र प्रतिकार केला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेम येथे निदर्शने व धरणे झाले, आणि ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेत बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असा ठराव झाला. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून या समाजाचे नाव काढून त्याऐवजी सर्वसामान्य शब्दयोजना केली. हा निकाल राजकीय बळावर लागला, कुलकथेच्या ग्राह्यतेवर नव्हे. ती खरी की खोटी याचा निवाडा कोणी केला नाही, आणि तशा मंडपात तो होण्याजोगाही नव्हता.

निराळ्या प्रकारचा पुरावा २०१६ मध्ये पुढे आला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासाने असे दाखविले की बेने इस्राएलांच्या वंशात पश्चिम आशियातील यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा मोठा वाटा आहे, हा मिलाफ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, आणि त्यात यहुदी बाजूने पुरुषांचा व स्थानिक बाजूने स्त्रियांचा भाग अधिक होता. वर्तमानपत्री उत्साहाने यावरून परंपरा ‘सिद्ध’ झाली असे म्हणणे जितके उथळ, तितकेच ती ‘खोटी ठरली’ असे म्हणणेही. दूरदेशाहून आलेल्यांपासून समाज झाला, हा कथेचा गाभा या अभ्यासाने बळकट होतो. सात स्त्रिया गलबतातूनच आल्या, हा तपशील त्याच्याशी सहज जुळत नाही. तसेच समूहाविषयीचा हा हिशेब कोणत्याही एका घराण्याच्या आयांविषयी काही सांगत नाही. आणि स्थानिक स्त्री धर्म स्वीकारून घरात आली असेल तर धर्मशास्त्रानुसार तिची संतती यहुदीच होय. पण इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक वेगळीच शक्यता दिसते. शब्बाथचा दिवा, आंबटाचे झाकलेले भांडे, बिरडे, पर व खवले नसलेले मासे बाजूला काढण्याची शिस्त, हे सारे ज्या स्त्रियांनी शतकानुशतके जपले, त्यांच्या पूर्वजांतील पुष्कळ जणी गलबतातून आलेल्या नसून याच किनाऱ्यावरच्या असतील. त्यांनी हा आचार जन्माने मिळविलेला नव्हता, सासरी शिकून घेतलेला होता. तसे असेल तर दावीद रहाबीने जी परीक्षा घेतली ती रक्ताची नव्हती, आणि कथा सांगणारानेही ती तशी सांगितलेली नाही. त्याने बायकांपुढे मासे ठेवले, वंशावळ मागितली नाही.

केहीमकरांच्या ग्रंथाची कहाणीही यास जोडून सांगण्याजोगी आहे. समाजातील वृद्धांच्या तोंडून ऐकलेले वृत्त त्यांनी इंग्रजीत लिहिले, कारण त्यांचा अभिप्रेत वाचक पाश्चात्त्य यहुदी होता. मराठी घरातील मूल नव्हते. हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले. १९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्सव्हँगर हिंदुस्थानात आले असता ते त्यांच्या दृष्टीस पडले आणि पुढल्या वर्षी छापले गेले. दरम्यान जी घरे ही कथा सांगत होती, त्यांना त्या ग्रंथाची गरज भासली नव्हती. आज परिस्थिती उलटली आहे. भारतात काही हजारच यहुदी उरले असून कोकणातील बहुतेक खेड्यांत सभास्थान उघडण्यास दहा पुरुषही जमत नाहीत. इस्रायलमधील बेने इस्राएल कुटुंबे पेसाखच्या रात्री हग्गादा हिब्रूतून वाचतात, जशी शेजारच्या पोलिश किंवा मोरोक्कन घरात वाचली जाते. मराठी अनुवादाची प्रत ग्रंथालयांच्या दुर्मीळ विभागात गेली. मलिदा मात्र तेथेही होतो. पोहे मिळवावे लागतात, खोबरे मिळवावे लागते, आणि ताट मांडले की ही फळे व हे पोहे कशासाठी, असे विचारणारे मूल आता हिब्रूत विचारते.